बाखचा पहिला चेलो सूट गिटारवर: बेस किती घालायचा?

सूटचा पहिला भाग, प्रिल्यूड, आता पहिल्या बारपासून (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) शेवटच्या, ४२व्या बारपर्यंत न थांबता जातोय. मेट्रोनोम ६० वर आहे आणि सध्या तिथेच ठेवणार आहे, कारण या टप्प्यावर माझं सगळं लक्ष बेसकडे, म्हणजे खालच्या सुरांकडे आहे. जे कोणी हा सूट, म्हणजे नृत्यांच्या तुकड्यांची ही माळ (बाखच्या रचनांच्या यादीत बीडब्ल्यूव्ही १००७) गिटारवर बसवतायत त्यांच्यासाठी ही नोंद.

मूळ सूट जी मेजरमध्ये. गिटारवर बहुतेक जण डी मेजरमध्ये घेतात आणि सहावी तार ई वरून डी वर उतरवतात. ही पट्टी नुसती सोयीची नाही, सुंदर आहे. चेलोचा सर्वांत खालचा मोकळा सी इथे जी होतो, म्हणजे उतरवलेल्या सहाव्या तारेचा पाचवा पडदा. चेलोची सर्वांत वरची मोकळी तार ए, ती होते ई, म्हणजे आपली पहिली मोकळी तार! प्रिल्यूडच्या उत्तरार्धात चेलोवादक मोकळी ए आणि दाबलेले सूर आलटून पालटून वाजवतो, तो सगळा भाग गिटारवर मोकळ्या ई च्या आधाराने जसाच्या तसा उभा राहतो. पहिली तार झणझणत राहते आणि दुसरीवर बोटं फिरतात. त्या ओळी पहिल्यांदा नीट जमल्या त्या संध्याकाळी मी दुसरं काहीच वाजवलं नाही.

आता बेस. माझ्याकडच्या छापील आवृत्तीत जवळजवळ प्रत्येक बारला खाली डी किंवा ए जोडलेला आहे. तसा वाजवला की आवाज भरदार येतो, पण वरची रेघ मागे पडते. आणि मुळात तो बेस त्या रेघेतच आहे. पहिले चार बार बघा: प्रत्येक अर्ध्या बारचा पहिला सूर तोच, आपल्याकडे मोकळी चौथी तार. वर कॉर्ड बदलतात, टॉनिकवरून (घरचा कॉर्ड) सबडॉमिनंट (चौथ्या सुरावरचा), मग डॉमिनंट (पाचव्यावरचा), मग परत घरी, आणि खाली डी हलत नाही. बाखने बेस लिहून ठेवलाय, त्याच्या खाली आणखी एक सप्तक उतरून तोच सूर कशाला द्यायचा?

पण मग काहीच घालायचं नाही, असंही नाही. इथे मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो बाखच्याच दुसऱ्या एका कामाचा. पाचवा चेलो सूट (बीडब्ल्यूव्ही १०११, सी मायनर) त्याने स्वतः ल्यूट या छेडून वाजवायच्या जुन्या तंतुवाद्यासाठी जी मायनरमध्ये लिहून काढला. तो बीडब्ल्यूव्ही ९९५. त्याच्या स्वतःच्या हातची ही प्रत, साधारण १७२७ ते १७३१ च्या दरम्यानची, ब्रसेल्सच्या रॉयल लायब्ररीत आहे. चेलो सूट्सची बाखच्या हातची प्रत उरलेली नाही, आपण मुख्यतः त्याच्या बायकोच्या, अ‍ॅना मॅग्डालेनाच्या नकलेवर अवलंबून असतो. म्हणून ९९५ हा खजिना आहे. एका सुरावटीच्या वाद्यावरचं संगीत तारा छेडायच्या वाद्यावर कसं न्यायचं, हे खुद्द त्यानेच करून दाखवलंय. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि बार बार पडताळा. तिथल्या प्रिल्यूडमधल्या जलद फ्यूगमध्ये (एकच सुरावट वेगवेगळे आवाज एकामागून एक उचलतात तो भाग), जिथे चेलो एकटाच सगळे आवाज सुचवत धावतो, तिथे ल्यूटला तो खाली खरा दुसरा आवाज देतो. सॅराबांड या संथ नृत्यात मात्र मोजके मंद्र सूर, जीव ओतून ठेवलेले, आणि बाकी रेघ तशीच उघडी. त्याला कॉर्ड भरता आले नसते का? त्याने भरले नाहीत.

यातून मी माझ्यापुरता नियम काढला. रेघ स्वतः बेस बोलत असेल तिथे हात लावायचा नाही. कॉर्ड बदलतो पण चेलोला खाली जाता आलं नाही, तिथे एक सूर. आणि जिथे वाक्य पूर्ण होतं तिथे एक. त्यामुळे माझ्या प्रतीत आता २२व्या बारच्या थांब्याला मोकळी पाचवी आहे, शेवटच्या कॉर्डखाली मोकळी सहावी आहे, मधे थोडे सूर आहेत, आणि बाकी पेन्सिलने खोडलंय. मोकळी सहावी तार अगदी शेवटीच मिळते, म्हणून ती मिळाल्यावर खोली भरून जाते.

आमच्या शेजारचे काका आयुष्यभर ख्याल ऐकत आलेत. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी आमच्या बेळगावपासून जवळच, त्यामुळे त्यांना तो जणू घरचाच विषय. ते बाहेरच्या कट्ट्यावर बसून ऐकत होते आणि दहाव्या बारच्या आसपास म्हणाले, "ह्यात सा बदलतोय की रे!" बरोबर होतं. पहिल्या चार बारांत आपला कान डी ला षड्ज धरून बसतो, तंबोऱ्याची सवय असते. मग संगीत ए कडे झुकतं आणि तो षड्ज पायाखालून सरकतो. तेव्हापासून मी वाजवण्याआधी बेस गळ्याने म्हणतो, सरगममध्ये, सा कुठे हलला ते नीट ठरवून. आपल्याकडच्या वादकांना हा रियाज मनापासून सुचवेन. नोटेशन वाचून जे कळत नव्हतं ते गळ्याने कळतं.

दुसरी मदत कॅम्पातल्या मित्राची. तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. रविवारी दुपारी टिळकवाडीत जमलो की तो कीबोर्डवर ९९५ चा नुसता बेस वाजवतो आणि मी गिटारवर वरची रेघ. (गिटारवर हा सूट ए मायनरमध्ये घेतात, म्हणून तोही त्याच पट्टीत.) दोघांत वाटून घेतल्यावर कळतं की खालचा आवाजही गातोय, नुसता टेकू देत नाही. मग एकट्याने वाजवताना अंगठ्याचा स्पर्श आपोआप बदलतो.

लिगातुरांबद्दल (जोडून घ्यायच्या सुरांबद्दल) थोडक्यात: मॅग्डालेनाच्या नकलेतल्या स्लरच्या, म्हणजे सूर जोडण्याच्या खुणा कुठून कुठपर्यंत आहेत ते बऱ्याच ठिकाणी स्पष्ट नाही, तेव्हा हॅमर-ऑन, पुल-ऑफ (डाव्या हाताच्या बोटानेच काढलेले सूर) कुठे घ्यायचे हे आपल्यालाच ठरवावं लागतं. मी कमी ठेवलेत. प्रत्येक सूर उजव्या हाताने छेडला की सोळाव्या भागाच्या सुरांचा तो सलग प्रवाह जास्त स्वच्छ वाहतो, असं माझं मत.

वाद्याचं सांगायचं तर, बेळगावचा पाऊस गिटारला मानवत नाही. जूनपासून लाकूड फुगतं, तारांची उंची वाढते, बारे (एका बोटाने सगळ्या तारा) दाबताना मनगट भरून येतं. केसमध्ये सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर ठेवलाय, आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहावी म्हणून धडपड असते. खानापूरकडच्या मंडळींना हे आणखी जपावं लागत असेल, तिकडे पाऊस फार. सहावी तार डी वर उतरवल्यावर नॉर्मल टेन्शनची सैल पडून भुरभुरते. मी बेसच्या तीन तारा हार्ड टेन्शनच्या लावल्या आणि आवाज घट्ट झाला. इथल्या दुकानांत स्टीलच्या तारा सहज मिळतात, नायलॉनचा सेट मागवावाच लागतो.

पुढचं काम याच सूटमधले दोन मिन्युएट (नृत्यांचे तुकडे). दुसरा मायनरमध्ये, आपल्याकडे डी मायनर, आणि त्यात उतरत्या बेसच्या ओळी इतक्या उघड आहेत की माझ्या नियमाप्रमाणे तिथे काहीच घालायला नको. तरीही हात शिवशिवतो. मायनर मिन्युएट कोणी पूर्ण उघडा वाजवत असेल, एकही जोडलेला सूर न घेता, तर दुसऱ्या भागासाठी तुम्ही कुठल्या पोझिशनमध्ये राहता ते जरूर सांगा. मी पाचव्या पोझिशनपाशी (पहिलं बोट पाचव्या पडद्यावर) अडलोय.