मलय प्रगतिवही: -कान आणि -ई यांचा गुंता सुटतोय

मागच्या नोंदीत मलय क्रियापदांच्या शेवटी लागणाऱ्या -कान आणि -ई या दोन प्रत्ययांपुढे माझं घोडं अडलं होतं. ते आता हललंय, म्हणून बाकीची कामं बाजूला ठेवून आधी हे लिहितेय. लिप्यंतर नेहमीचंच: 'अ' म्हणजे पपत (मलयचा आखूड, अस्पष्ट स्वर), 'आ' म्हणजे आ, आणि जिथे 'ङ' आहे तिथे तो गिळायचा नाही. केपीएसटीची गळती (मं- हा उपसर्ग लागला की धातूच्या सुरुवातीचे क, प, स, त गळतात, ती) आपण आधी पुरती पिंजली आहे, ती पुन्हा उगाळत नाही.

मलय सोपी आहे, हे क्वालालंपूरमध्ये राहायला आलेल्या प्रत्येकाला ऐकायला मिळतं. शब्दांना लिंग नाही, काळानुसार क्रियापद बदलत नाही, लिपी रोमन. अमेरिकी परराष्ट्र खात्याची भाषाशाळा आपल्या इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांसाठी मलयला साधारण ३६ आठवडे धरते आणि हिंदीला ४४. आपल्याला तर त्याहून बरंच काही आयतं मिळतं. किता (आपण) आणि कामी (आम्ही) यांतला फरक इंग्रजीतून येणाऱ्यांना फार छळतो. आपण 'आपण' आणि 'आम्ही' लहानपणापासून वेगळे ठेवत आलोय. पपत आणि आ हा भेद मराठी जिभेत आहेच. सायुर-मायुर, कुइह-मुइह ऐकून भाजीपाला, कपडेलत्ते बोलणारा माणूस दचकत नाही. म्हणून 'सोपी' या शब्दाशी माझं फारसं भांडण नव्हतं, वर्तमानपत्र उघडेपर्यंत. तिथे प्रत्येक वाक्यात एक -कान किंवा एक -ई दबा धरून बसलेला असतो.

अडचण पुन्हा मांडते. मासुक म्हणजे आत जाणे. त्याची ममासुकी आणि ममासुक्कान अशी दोन रूपं, दोन्ही सकर्मक. खोलीत शिरायचं तर ममासुकी, पिशवीत कपडे भरायचे तर ममासुक्कान. एवढं पाठ होतं. पण नवं धातुरूप समोर आलं की कुठला प्रत्यय लागेल, हे सांगणारं सूत्र हाती नव्हतं. हाताशी असलेल्या व्याकरणांत -कानचे उपयोग वेगळे, -ईचे वेगळे, आणि दोघांना शेजारी बसवून कुणी बोलत नाही.

पहिली गाठ सुटली ती औषधाच्या पाकिटावर. जाउह म्हणजे दूर. पाकिटावर छापलेलं असतं 'जाउह्कान दारिपादा कानाक-कानाक', मुलांपासून दूर ठेवा. अमली पदार्थांविरुद्धच्या फलकावर असतं 'जाउही दादाह'. दोन्ही आज्ञा, दोन्हींचा अर्थ दूर राहण्याशी जोडलेला. पहिलीत हलवायचं औषध. दुसरीत दादाह आहे तिथेच राहतं, हलायचं तुम्ही! म्हणजे प्रश्न एकच विचारायचा: कर्म हलतंय का? हलत असेल तर -कान, कर्म जागेवर राहून कर्ता त्याच्याकडे जात असेल तर -ई.

मग जे सापडेल ते या चाळणीतून काढलं. मनाइकी बास: बस उभी, मी चढते. मनाइक्कान हार्गा: किंमत वर जाते. मन्दकाती म्हणजे एखाद्याच्या जवळ जाणं, मन्दकात्कान म्हणजे दोन गोष्टी जवळ आणणं. मन्दुदुकी करुसी, खुर्चीवर बसणं. मन्दुदुक्कान आनाक, मुलाला बसवणं. सगळी पास.

शेवटच्या जोडीने कान टवकारले. बसणे, बसवणे. चढणे, चढवणे. निजणे, निजवणे, तिकडे तिदुर आणि मनिदुर्कान. वाळणे, वाळवणे, तिकडे करिङ आणि मङरिङ्कान. -कानचं अर्धं राज्य म्हणजे आपला मधला 'व'. आणि -ई जिथे लागतो तिथे मराठीत बहुधा विभक्ती किंवा शब्दयोगी असतं: खोलीत शिरणे, बसमध्ये चढणे, समारंभाला हजर राहणे. ही शेवटची मङ्हादिरी, बातम्यांत रोज भेटणारी. ती दिवसभर पुरेल इतका आनंद देऊन गेली.

पण मग बली आलं. बली म्हणजे विकत घेणे. 'इबु मम्बलिकान आदिक बाजु', आईने धाकट्याला कपडे घेतले. क्रियापदाला चिकटून बसलेलं कर्म आहे आदिक, आणि आदिक कुठेही हललेला नाही. 'व' लावून बघावं तर 'घेववणे' असं काही मराठीत नाही. बाचाकान, चारिकान, आम्बिल्कान सगळी याच कळपातली. पिंजाम म्हणजे उसनं घेणं आणि पिंजाम्कान म्हणजे थेट उलट, उसनं देणं! सेवा म्हणजे भाड्याने घेणं, सेवाकान म्हणजे भाड्याने देणं. आधीचं सूत्र इथे एकदम मान टाकतं, आणि यावर मी बरेच दिवस चिडचिड करत होते.

सुटका झाली नासी लमाकच्या (नारळाच्या दुधातल्या भाताच्या) गाडीवर. माझ्या पुढचा मुलगा म्हणाला, "माकचिक, तोलोङ बुङ्कुस्कान या." माझ्या डोक्यात तत्क्षणी मराठी उमटलं: मावशी, जरा बांधून द्या हं. द्या! बलिकान म्हणजे घेऊन देणे. चारिकान शोधून देणे. आम्बिल्कान आणून देणे. बाचाकान वाचून दाखवणे. पिंजाम्कान उसनं देणे, सेवाकान भाड्याने देणे. मूळ धातू अकर्मक किंवा विशेषण असेल तर -कान म्हणजे 'व', मूळ धातू आधीच सकर्मक असेल तर -कान म्हणजे 'देणे'. मी हे गाडीपाशीच मोबाइलवर लिहून घेतलं आणि माझा नंबर आल्यावर मोठ्याने "बुङ्कुस्कान" म्हणाले. माकचिकने मान डोलावून पुडी बांधून दिली. फार फार बरं वाटलं.

'देणे'मुळे आणखी एक कोडं उलगडलं, इथल्या शालेय सराव-पुस्तकांतलं लाडकं कोडं: मङानुगराही की मङानुगराह्कान? पदवी प्रदान करताना कर्म पदवी असेल तर -कान, कारण ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. कर्म व्यक्ती असेल तर -ई, कारण ती जागेवर उभी असते आणि पदवी तिच्याकडे येते. हलण्याचा नियम इथे पुन्हा कामी आला. ही सराव-पुस्तकं परदेशी लोकांसाठीच्या गुळगुळीत पुस्तकांपेक्षा कितीतरी उपयोगी आहेत: कागद स्वस्त, उदाहरणं भरपूर, उत्तरं मागे.

कोशांबद्दलही सांगते. देवान बाहासा दान पुस्ताका या १९५६ सालच्या संस्थेचा कोश मूळ धातूखाली सगळी साधित रूपं देतो, आणि ऑनलाइन शोध फुकट आहे. मी खिशात ठेवायला घेतलेला द्वैभाषिक कोश मात्र -ईची रूपं जवळजवळ गाळून टाकतो. तो आता कपाटात गेला. आणि 'मलय' असं नाव लावून इंडोनेशियन शिकवणाऱ्या ॲपांपासून लांब राहा. पर्चुमा इथे 'फुकट' आहे, तिथे 'व्यर्थ'.

पुढचा बेत -ईच्या शंभरेक कार्डांचा होता. तो लिहिता लिहिताच बदलतेय. शेजारच्या काकना (म्हणजे ताईंना) मी "मनाइकी बास" म्हणून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, हे वाचायला ठीक, बोलताना नुसतं 'नाइक बास'. त्यांच्या बोलण्यात मं- गळतो, -ई जवळपास दिसतच नाही, -कान मात्र ठणठणीत आहे. मग -ई आणि -कान एकाच गठ्ठ्यात घोटण्यात अर्थ नाही. -कान कानांनी शिकायचा, बाजारात आणि काकंच्या स्वयंपाकघरात. -ई डोळ्यांनी, बातम्यांतून, तोही पूर्ण वाक्यासकट. एकेकट्या शब्दांची कार्डं आज रात्री पुसून टाकतेय.

अजून न सुटलेलं: मम्बरी आणि मम्बरिकान, दोन्ही 'देणे', यांत मला फरक ऐकू येत नाही. आणि मन्दापाती. दापात म्हणजे मिळणे, पण मन्दापाती म्हणजे 'असं आढळून येणे', कोर्टाच्या बातमीत 'दिदापाती बर्सालाह', दोषी आढळला. इथे कोण हलतं, कोण जागेवर राहतं? ज्यांनी हा टप्पा ओलांडलाय त्यांनी आपली उदाहरणं पाठवा, शक्यतो वर्तमानपत्रातली, वाक्य न तोडता.