तुम्ही विचारलंत म्हणून: जाहिराती असताना वर्गणी कशाला?

‘तुमच्या यूट्यूबवरच्या व्हिडिओवर जाहिराती येतात, मग लोकांकडे वर्गणी कशाला मागता?’ एकदा नीट सांगतो.

जाहिराती येतात त्या कापसाच्या भावावर, फवारणीवर. शेतकरी आत्महत्येवर बोललो, तेव्हा त्या जवळजवळ थांबल्या. व्हिडिओ मात्र कुणी काढला नाही, हेही खरं.

कोणत्या व्हिडिओवर जाहिराती द्यायच्या, या नियमांमागे कारण आहे. 2017 च्या सुरुवातीला लंडनच्या ‘द टाइम्स’नं दाखवून दिलं, की यूट्यूबवर मोठ्या ब्रँडच्या जाहिराती अतिरेक्यांच्या प्रचारासोबत दिसताहेत. ब्रिटिश सरकारनं, ‘गार्डियन’ वृत्तपत्रानं तिथल्या आपल्या जाहिराती थांबवल्या आणि चाळणी बारीक होत गेली. जाहिरातदारांची भीती रास्तच होती. पण द्वेष पसरवणारा आणि यवतमाळच्या विधवेचं ऐकून घेणारा, दोघं एकाच चाळणीत?

त्या ताईंच्या मुलाखतीवरच्या जाहिराती थांबल्या. फेरतपासणी मागितली, उत्तर तेच आलं. संकलन करणारा मित्र म्हणाला, नवरा कसा गेला तेवढा भाग काप, जाहिराती परत येतील. मी ताईंना फोन केला, कापू का म्हणून विचारलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मंग काय सांगू भाऊ? तापानं गेला म्हनू?’ कर्ज बिनपरवाना सावकाराचं, म्हणून सरकारी मदतीचे एक लाखही त्यांना मिळाले नव्हते. ‘तिथं साहेब म्हनले, नियमात बसत नाही. तुमच्यातबी बसत नाही का?’

काही कापलं नाही. त्या महिन्यात कॅमेऱ्याचा हप्ता घरखर्चातून गेला. वर्गणी तेव्हापासून.

पूर्वी मीच वाद घालायचो, की राज्यघटनेचं कलम 19, म्हणजे बोलण्याचं स्वातंत्र्य, आपल्याला सरकारपासून वाचवतं. खासगी कंपनीनं कुणाला पैसे द्यावेत हे ते सांगत नाही, मग गळचेपी कसली? तो मुद्दा मला आजही खोडता येत नाही. पण विषय ठरवायला बसलो की आमच्यात पहिला प्रश्न निघतो, ‘याला जाहिराती येतील का?’ बंदी कुणीच घातलेली नसते, तरी एखाद्या घरी जायचं राहून जातं. हे मी रोज पाहतो, त्यामुळे जुन्या उत्तरावर माझं समाधान होत नाही.

वर्गणीनं सुटलो, असंही म्हणणार नाही. मायक्रोफायनान्सच्या वसुलीवर बोललो, तर एका जुन्या वर्गणीदारानं पैसे थांबवले. त्याचा भाऊ वसुलीला जातो. दुसऱ्या भागाचं चित्रण झालंय. तो कधी टाकायचा, यावर आमचं अजून एकमत नाही.