कन्नमवार नगरचा थांबा

रामनवमीला शिर्डीला जाणाऱ्या पालखीत मी चाललो तो बायकोच्या नवसापायी. नवस तिचा, गुडघा तिचा, डॉक्टरांनी नको म्हटलं तेही तिलाच. पाय तेवढे माझे. लालबागला पहाटे आरती झाली, रथ हलला, आणि परळपर्यंत मी खरंच गुंगीत होतो. पालखीला खांदा मिळाला तो पाच-सहा पावलांपुरता, पण अंगावर काटा आला. सायनला मागच्या टेम्पोवरचा डीजे सुरू झाला आणि सगळं उतरलं. साईंच्या नावाला एवढा बास कशाला लागतो?

हायवेला लागल्यावर ऊन. एप्रिलमधलं मुंबईचं ऊन नुसतं तापत नाही, ते चिकटतं. हवेत आधीच इतका दमटपणा की घाम वाळत नाही, नुसता गळत राहतो. घाटकोपर ओलांडेपर्यंत मंडळाच्या भगव्या टी-शर्टवर पाठीला मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. दर फर्लांगाला कुणी सरबत देतंय, कुणी वडापाव, कुणी नुसतंच पाणी. मी पाणी घेत होतो. गोड नको म्हणून सरबत टाळत होतो.

विक्रोळीच्या पुलावरून उतरताना उजव्या पोटरीत काहीतरी फडफडलं. दोन पावलं टाकली आणि वांब धरला. पोटरीत कैरी कोंबावी तसा टणक गोळा वर आला, बोटाला लागेल इतका. मी कठड्याला धरून खाली बसलो.

मग सल्ले. केळं खा. चोळा, जोरात चोळा. चोळू नका, बाम लावा. चालत राहा, आपोआप जाईल. बाबांचं नाव घ्या. एकाने खरंच केळं सोलून हातात दिलं आणि 'ओम साईराम' म्हणत पुढे गेला. सगळे पुढे गेले. रथ, डीजे, झेंडा. अंतर पडू द्यायचं नाही असं सकाळी बजावलं होतं ना! त्या क्षणी मला सबंध मंडळाचा राग आला, आणि नवसाचाही.

कन्नमवार नगरच्या बसथांब्यापर्यंत लंगडत आलो आणि पुन्हा तेच, आता दुप्पट. थांब्यावर खाकी कपड्यातला एक कंडक्टर बसला होता, ड्युटी संपवून घरी चाललेला, मांडीवर डब्याची पिशवी. तो उठला, माझ्यासमोर रस्त्यावरच उकिडवा बसला.

"काका, पाय धरू का?"

मी काही बोलायच्या आत त्याने बूट काढला, मोजा काढला. मोजा ओला, वास मारणारा. त्याने तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. "गुडघा वाकवू नका. सरळ. अजून सरळ." एक हात गुडघ्यावर, दुसऱ्याने चवडा धरला आणि माझ्याच दिशेने हळूहळू दाबत नेला. झटका नाही. मी ओरडलो. त्याने सोडलं नाही, वाढवलंही नाही, तिथेच धरून ठेवलं. अर्ध्या मिनिटात गोळा आतल्या आत विरघळत गेला. मग त्याने तळहाताने पोटरी नुसती हलवली.

"कबड्डी खेळायचो. शेवटच्या पाच मिनिटांत हे असंच. चोळून जात नाही, ताणायला लागतं."

त्याने डब्यातून लिंबाच्या लोणच्याचा खार चमच्याने काढून दिला. चाटा म्हणाला. घसा जळला. थांब्याचा खांब धरून उभं केलं: दुखरा पाय मागे, टाच जमिनीला टेकलेली, पुढचा गुडघा वाकवायचा. बस आली ती त्याने सोडली. पुढचीही सोडली. नाव विचारलं तर म्हणाला, "साईच म्हणा आज," आणि स्वतःच हसला. मला हसू आलं नाही, गळा भरून आला.

रात्री औषधांच्या गाडीतल्या डॉक्टर मुलीने दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या. एकच पाय सुजलाय का, गरम-लाल आहे का, कारण तसं असलं तर तो गोळा नसून शिरेत रक्त गोठलेलं असू शकतं आणि मग थेट रुग्णालय. तसं नव्हतं. मग बीपीच्या गोळीची पट्टी मागितली. लघवी वाढवणारं औषध निघालं. पाणी आणि क्षार त्यानेही जातात. स्वतःच्या मनाने बंद करू नका, परत गेल्यावर डॉक्टरांना सांगा, म्हणाली. असा गोळा यायचं कारण एकच नसतं: सवय नसलेल्या पोटरीला दिवसभर जुंपलं की थकलेल्या स्नायूकडे 'आवळ' हा निरोप जोरात जातो आणि 'सोड' हा क्षीण होतो. ताणलं की टाचेमागच्या कंडरेवर ओढ येते आणि 'सोड' पुन्हा पोचतो. घामातून पोटॅशियमपेक्षा सोडियम कितीतरी जास्त जातं, म्हणून केळं बिचारं तितकं उपयोगी नाही, आणि नुसतं पाणी पीत राहिलं तर उरलंसुरलं मीठही पातळ होतं. ओआरएसचं अख्खं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात घालायचं, मोठं असेल तर लिटरभर, आपण पेल्यात अर्धं टाकतो तसं नाही. आणि लोणचं? काकडीच्या लोणच्याच्या पाण्यावर अमेरिकेत प्रयोग झालेत. दीडेक मिनिटात गोळा सुटला. तेवढ्यात मीठ रक्तात पोचत नाही. आंबट-खारट घशाला झोंबतं आणि तिथल्या नसाच काहीतरी करतात, असा अंदाज आहे. बीपीवाल्याने रोज करायचा हा उद्योग नव्हे, हेही तिने सांगितलं.

पुढे पडघा, शहापूर, कसारा घाट. शाळेच्या फरशीवर झोपलं की चादरीच्या ओझ्याने पाऊल खाली झुकतं, पोटरी आखडते आणि पहाटे पुन्हा वांब. म्हणून झोपण्याआधी भिंतीला हात लावून ताणायचो. शेजारचा घोरणारा गृहस्थ एकदा जागा होऊन म्हणाला, "भिंत पडायला आली का?"

इगतपुरीच्या अलीकडे एका पहाटे पाय दुखतच नव्हते. कुणीतरी मागे आरती म्हणत होतं, बेसूर. मी चालता चालता रडलो. का ते सांगता येणार नाही. नाश्त्याला पुन्हा उपमा होता.

घोटी, सिन्नर. शिर्डीत रांग अशी की उभ्या उभ्या पोटरी ओढायला लागली. मी बांबू धरून पाय मागे टाकला तर मागचा म्हणाला, "काका, दर्शनाला आलात की जिमला?" मी टाच टेकवूनच ठेवली. समाधीसमोर काय मागायचं ठरवलं होतं ते तिथे आठवलंच नाही. आणि पुढे ढकललो गेलो.

बाहेर येऊन घरी फोन लावला. तिने पायाचं विचारलं नाही. "नारळ दोन वाढवायचे होते," म्हणाली, "एक माझा."