करीच्या नावाचा ट्रॅक

ट्रॅक दिसायच्या आधीच आवाज कानावर आला. कोइमतूर मागे टाकून रिक्षा चेट्टिपाळयमच्या दिशेने निघाली होती. वारा जोरात होता, त्यामुळे इंजिनांचा आवाज मध्येच जवळ यायचा, मध्येच विरून जायचा. रिक्षावाल्याने हँडलवरचा एक हात उचलून दाखवलं. "करी, सार्!"

करी मोटर स्पीडवे. एस. करिवर्धन, म्हणजे सगळ्यांचे 'करी', हे इथलेच रेसर आणि रेसच्या गाड्या बनवणारे. त्यांच्या नावाचा हा साधारण २.१ किलोमीटरचा ट्रॅक. इथे यायचं हे मी शाळेत असल्यापासून ठरवलं होतं. आमच्याकडे बाबांची मारुती ८०० होती, आणि तिचंच इंजिन लावून कोणीतरी रेसची गाडी बनवली आहे असं कळल्यावर मी कितीतरी वेळ बॉनेट उघडून बघत बसलो होतो. हे एवढंसं इंजिन?

हेच ते. ७९६ सीसी, तीन सिलेंडर, रस्त्यावरच्या गाडीत चाळीस अश्वशक्तीही नाही. मारुतीत हे इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे आडवे बसतात आणि पुढची चाकं फिरवतात. करींनी हा सगळा संच ड्रायव्हरच्या पाठीमागे नेला. मग तीच यंत्रणा मागची चाकं फिरवू लागते, आणि पुढे उरतं ते फक्त एका माणसापुरतं बसायचं भोक आणि निमुळतं नाक. फॉर्म्युला मारुती! मला यातली हुशारी आजही थक्क करते. महागातला भाग बनवायचाच नाही. तो देशभर प्रत्येक गॅरेजात मिळतो, तुटला तर संध्याकाळी नवा आणता येतो.

याचं मोल कळायला आधीचं चित्र माहीत हवं. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. तिथल्या बड्या एकआसनी गाड्या परदेशातून आणलेल्या, म्हणजे राजघराण्यांच्या नाहीतर उद्योगपतींच्या. विजय मल्ल्यांनी तिथे एन्साइनची फॉर्म्युला वन गाडी पळवली होती. करीसुद्धा लक्ष्मी मिल्सच्या घरातले, स्वतः शर्यती जिंकणारे. स्वतःपुरती एखादी झकास गाडी आणून थांबले असते तरी कोणी काही म्हटलं नसतं. त्यांनी दुसऱ्यांना चालवता येतील अशा गाड्या बनवल्या. त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याचाच.

हे कोइमतूरमध्ये घडलं यात मला नवल वाटत नाही. कापडगिरण्या, त्यांची यंत्रं बनवणारे कारखाने, फाउंड्र्या, पाण्याचे पंप, वेट ग्राइंडर. लेथवर काम करणारा कसबी हात इथे गल्लीबोळात सापडतो.

पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या दुरुस्त करतात त्या जागेत शिरलो आणि दुपार कशी गेली कळलं नाही. आता इथे धावतात त्या एलजीबी फॉर्म्युला फोर या मालिकेतल्या एकआसनी गाड्या. इंजिन मोठं, १.३ लिटरचं, पण मारुतीचंच. एका गाडीचं मागचं कव्हर काढलेलं होतं. मेकॅनिक खाली बसून नट आवळत होता, शेजारी सतराएक वर्षांचा ड्रायव्हर हेल्मेट मांडीवर घेऊन त्याचे हात बघत होता. मी वाकून बघतोय म्हटल्यावर मेकॅनिकने टॉर्च माझ्या बाजूला धरला. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती. "इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल," तो एकेका भागावर पाना टेकवत म्हणाला. मी मान हलवत गेलो. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीशी, सगळं अगदी तसंच!

असल्या मालिकांत गाड्या सारख्याच असतात, त्यामुळे फरक पडतो तो माणसामुळे. ताकद बेताची असली की वळणावर घालवलेला वेग पुढच्या सरळ पट्ट्यात भरून निघत नाही. कठड्यापाशी उभा राहून मी एकच वळण तासभर बघितलं. तो सतरा वर्षांचा मुलगा दर फेरीला ब्रेक जरा उशिरा दाबत होता.

कोइमतूरचाच नारायण कार्तिकेयन श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर आपली पहिली शर्यत धावला ती फॉर्म्युला मारुतीतून, आणि पोडियमवर उभा राहिला. २००५ साली तो फॉर्म्युला वनमध्ये धावणारा पहिला भारतीय झाला. करींनी ते पाहिलं नाही. १९९५ मध्ये, जेमतेम चाळिशीत, छोट्या विमानाच्या अपघातात ते गेले. हा ट्रॅकही त्यांनी पाहिला नाही. तो २००३ मध्ये सुरू झाला, त्यांच्यासारखेच रेसिंगमधले बी. विजयकुमार यांनी उभारला. पिटमधल्या पोरांच्या तोंडी दिवसभर "करी, करी" चाललेलं असतं. त्यांच्यातला एकही जण करी गेले तेव्हा जन्मलेला नव्हता.

संध्याकाळी शेवटची शर्यत संपली. तो मेकॅनिक गाडी ढकलत आत नेत होता, मीही एका बाजूने हात लावला. गाडी इतकी हलकी होती की ढकलावं लागलंच नाही.

परतताना सिग्नलला शेजारी एक पांढरी मारुती ८०० उभी राहिली. रंग उडालेला, मागच्या सीटवर भाजीच्या पिशव्या. मी रिक्षातून बाहेर डोकं काढलं आणि हिरवा दिवा लागेपर्यंत तिचं इंजिन ऐकत राहिलो.