नग्गरचे रोरिक : बिऱ्हाड पाठीवर घेतलेला चित्रकार

मनालीला गेलेली आपली मंडळी बर्फात लोळण्यात आणि मॉल रोडवर शालींचा भाव करण्यात सगळी सुट्टी घालवतात. आम्हीही त्यातलेच. पण या खेपेला एक दिवस हट्टाने नग्गरसाठी राखून ठेवला. बियासच्या डाव्या तीरावरचा रस्ता धरला की वीसेक किलोमीटरवर हे गाव लागतं. एकेकाळी ही कुल्लूच्या राजांची राजधानी होती. दगड आणि लाकडी तुळया यांचे थर एकाआड एक रचून बांधलेला तिथला गढीवजा वाडा सुरेख आहे, पण तो मी भराभर उरकला. मला ओढ होती वरच्या अंगाला असलेल्या रशियन चित्रकार निकोलाय रोरिक यांच्या घराची.

हा माणूस १८७४ मध्ये सेंट पीटर्सबर्गला जन्मला आणि १९४७ च्या डिसेंबरमध्ये इथे, कुल्लूच्या खोऱ्यात वारला. मधल्या काळात त्याने काय केलं नाही? उत्खननं केली, पुस्तकं लिहिली, हजारोंनी चित्रं काढली. १९१३ मध्ये पॅरिसमध्ये संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या ज्या बॅलेच्या पहिल्याच प्रयोगाला प्रेक्षकांनी गोंधळ घातला, त्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’चं नेपथ्य आणि वेशभूषा रोरिकचीच. युद्धात कलावस्तू आणि वास्तू वाचाव्यात म्हणून त्याने मांडलेल्या करारावर १९३५ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिका खंडातल्या एकवीस देशांनी सह्या केल्या.

घराच्या तळमजल्यावर चित्रं आहेत. त्यांतल्या एकापुढे मी बराच वेळ रेंगाळलो. नाक लावून पाहिलं तर निळ्या, जांभळ्या आणि फिक्या गुलाबी रंगांचे सपाट पट्टे, बस. चार पावलं मागे सरकलो आणि त्याच पट्ट्यांचा डोंगर झाला, मागून ऊन पडलेला. टेम्पेराच्या, म्हणजे तेलाऐवजी अंड्याच्या बलकासारख्या चिकट द्रवात कालवलेल्या रंगाला तेलरंगासारखी चकाकी नसते, त्यामुळे हिमालय गुळगुळीत न दिसता खडबडीत, कोरडा दिसतो. छापील चित्रांत हे अजिबात कळत नाही.

वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत शिरता येत नाही, काचेतून डोकावायचं. टेबल, खुर्च्या, पुस्तकं. गॅरेजमध्ये त्यांची जुनी मोटार उभी आहे. ती पाहून लेकीने विचारलं, “बाबा, एवढे फिरायचे तर घरी कधी असायचे हे?”

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे भटक्या माणसाची गोष्ट बहुतेक वेळा घरदार सोडण्यापासून सुरू होते आणि मागे राहिलेली बायको एका वाक्यात संपते. रोरिकने घर सोडलं नाही, सोबत घेतलं. १९०१ मध्ये हेलेनाशी लग्न झालं आणि १९०३ मध्ये दोघं जुनी रशियन शहरं बघत हिंडत होती. तो मठ-चर्चं रंगवायचा, ती छायाचित्रं काढायची. पुढे १९२५ ते १९२८ या मध्य आशियाच्या मोहिमेतही हेलेना आणि थोरला मुलगा युरी बरोबर होते. लडाख, काराकोरमच्या खिंडी, खोतान, अल्ताई, मंगोलिया आणि मग तिबेट. तिथल्या अधिकाऱ्यांनी ऐन हिवाळ्यात काफिला पठारावरच अडवून धरला. उन्हाळी तंबूंत पाच महिने काढावे लागले. काही माणसं दगावली आणि बहुतेक जनावरं मेली. रोरिकच्या चरित्रात हेलेनाचं नाव कौतुकाने येतं, पण मला विचाराल तर त्या तंबूतल्या मुक्कामासाठी तिच्यावर वेगळं पुस्तक व्हायला हवं. त्या दोघांचं गूढवादी तत्त्वज्ञान मात्र माझ्या पचनी पडत नाही, तेव्हा त्यावर न बोललेलंच बरं.

मोहिमेनंतर कुटुंब नग्गरला स्थिरावलं आणि घराच्या वरच्या बाजूला ‘उरुस्वती’ ही संशोधनसंस्था उभी राहिली. तिथेही अख्खं घर कामाला! युरी तिबेटी भाषेचा गाढा अभ्यासक, धाकटा स्वेतोस्लाव चित्रं काढता काढता औषधी वनस्पतींतही रमलेला. १९४२ मध्ये नेहरू आणि इंदिरा इथे पाहुणे म्हणून राहून गेले.

घराखालच्या उतारावर जिथे रोरिकचं दहन झालं, तिथे एक मोठा ओबडधोबड दगड आहे. त्यावर हिंदीत १५ डिसेंबर १९४७ ही तारीख, जोडीला विक्रम संवत २००४ आणि रोरिकच्या नावामागे ‘महर्षि’. जवळ जाऊन वाचा, बरेच जण नुसता फोटो काढून परततात.

आमच्या सौभाग्यवतींना मात्र सगळ्यात आवडल्या त्या धाकट्या सूनबाई. १९४५ मध्ये स्वेतोस्लावशी लग्न करून या घरात आल्या त्या साक्षात देविका राणी! ‘अछूत कन्या’ची नायिका सिनेमा सोडून या रशियन घराची सून झाली, हे तिला नवीनच होतं. उतरताना वाटभर तोच विषय. जुन्या संसद भवनाच्या मध्यवर्ती सभागृहातलं नेहरूंचं चित्र स्वेतोस्लावने काढलंय, असं मी मध्येच सांगून पाहिलं. “असेल,” म्हणाली, “पण तिचं एखादं काढलं असेल ना? ते कुठे बघायला मिळेल?”