एका रातव्यासाठी साडेतीन आठवडे डोकं खाल्लं, त्याची गोष्ट

मार्चमध्ये सिंधुदुर्गातल्या तिलारीला गेलेलो, मी आणि मेहुणा. तिन्हीसांजेला कच्च्या रस्त्यावर टॉर्च मारला तर समोर दोन लाल निखारे. रातवा, म्हणजे इंग्रजीतला नाइटजार, रात्री फिरणारा पक्षी! गाडी थांबवली, फोटो काढले, घरी येऊन पुस्तक उघडलं आणि ठरवून टाकलं की हा जर्डनचा नाइटजार. पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या साइटवर नोंद टाकली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी साइटवर नोंदी तपासणाऱ्याचं मेल. "कशावरून जर्डन? जंगल नाइटजार का नाही?"

मी लिहिलं, मानेमागे तांबूस पट्टा आहे. जर्डनला तो असतो, जंगलवाल्याला नसतो, तो एकूणच राखाडी आणि काळ्या रेघांचा. यावर उत्तर आलं नऊ दिवसांनी, तेही एका ओळीचं: पिवळ्या टॉर्चमध्ये सगळंच तांबूस दिसतं. बरं. मग दुसरा फोटो पाठवला. त्यावर काय, तर पक्षी समोरून बसलाय, मान दिसतच नाही. शेपूट? मिटलेली. आता शेपटीतच तर खरा फरक आहे, जर्डनच्या नराला बाहेरच्या दोन-दोन पिसांना मोठी पांढरी टोकं, जंगलच्या नराला मधली जोडी सोडून बाकी पिसांवर छोटे पांढरे ठिपके, पण तो उडेल तेव्हा दिसणार ना! आणि उडाला तो अर्ध्या सेकंदात, अंधारात, मी ओरडेपर्यंत. मी तिसरं मेल जरा तिखटच लिहिलं, त्याला तर उत्तरच नाही. रोज सकाळी चहाआधी मेल बघायचो, बायको म्हणाली नोकरीच्या कॉलची पण एवढी वाट पाहिली नव्हतीस.

खरं सांगू, त्या तपासणाऱ्याचं चुकलं नव्हतं. राग याचा आला की पहिल्याच मेलात "आवाज आहे का" एवढं विचारलं असतं तर वीस दिवस वाचले असते. ते शेवटी एका ओळखीच्या पक्षीवाल्या काकांनी सांगितलं. म्हणे रातवा डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखायचा. जंगल नाइटजार "चकू-चकू-चकू" असा एका लयीत दळण दळल्यासारखा लागतो. जर्डन पोकळ लाकडावर ठोकल्यासारखा, "च-वो-वो", शेवट थरथरता, मग थांबून परत.

(हां, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून घेऊन अपलोड करू नका, पिसांच्या रेघा पार पुसल्या जातात. मी केलं होतं.)

एप्रिलमध्ये परत गेलो. या वेळी गाडीचं इंजिन बंद, टॉर्च बंद, चांदणं होतं, चांदण्यात हे जास्त बोलतात. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायच्या फंदात पडू नका, हे दिवस विणीचे, घरटं असं नसतंच, पाचोळ्यात जमिनीवरच अंडी, म्हणून रस्ता सोडून आत पण शिरायचं नाही. वीस मिनिटं डासांनी खाल्लं. मग आलाच, "च-वो-वो". मोबाईल छातीपासून लांब धरा, नाहीतर स्वतःचा श्वासच रेकॉर्ड होतो.

ज्यांचं नाव या पक्ष्याला आहे त्या इंग्रज पक्षीतज्ज्ञ जर्डनसाहेबांनी स्वतःच 1845 मध्ये या पक्ष्याचं वर्णन करून ठेवलंय, त्यांना हा त्रास कोणी दिला नसणार.

रेकॉर्डिंग टाकलं त्याच संध्याकाळी नोंद मंजूर. तीन तासांत! ते रेकॉर्डिंग अजून साइटवर आहे. अडतिसाव्या सेकंदाला पक्ष्याच्या मागून मेहुण्याचा आवाज स्पष्ट येतो, "दाजी, चला ना, भूक लागली."