दऱ्यांत शिरलेलं गलबत

दुपारी साडेतीनला कळलं की आमच्या मराठी शब्दांच्या खेळातली ११ चित्रं येत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मावळातल्या एका शाळेत पोचून आठ मशीनवर खेळ टाकून द्यायचा होता. मशीन जुनी, ४ जीबी रॅमची, सगळ्यांवर लिनक्स मिंट. खेळाची लिनक्सवरची आवृत्ती बांधून, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम तयार करून, तपासणं माझ्याकडे होतं, म्हणजे हा गुंता माझाच होता.

खेळ छोटा आहे. पडद्यावर मराठी शब्द येतो, चार चित्रं येतात, मुलानं बरोबर चित्र निवडलं की शब्दाचा उच्चार ऐकू येतो. सी++ मध्ये लिहिलेला, खाली एसडीएल ही चित्रं-आवाज हाताळणारी लायब्ररी. चित्राच्या आणि आवाजाच्या फाइलचं नाव म्हणजे तो शब्दच. यादीत 'कुऱ्हाड' असेल तर प्रोग्रॅम 'कुऱ्हाड' नावाचं चित्र शोधतो. असं ठेवण्यामागे ठाम कारण होतं. शाळेतल्या बाईंना स्वतःचे शब्द घालता यायला हवेत, आणि त्यासाठी फोल्डरमध्ये चित्र टाकून त्याला मराठीत नाव दिलं की काम व्हावं.

आमचा मुख्य प्रोग्रॅमर मॅकवर काम करतो. त्याला फोन केला.

"कुऱ्हाड येतेय का तुझ्याकडे?"

"येतेय की. आत्ताच पाहिली. का गं?"

"माझ्याकडे पांढरा चौकोन येतोय."

विंडोजची आवृत्ती अजून कुणी चालवली नव्हती. म्हणजे एका मशीनवर ठीक, दुसऱ्यावर नाही, आणि फाइली दोन्हीकडे त्याच.

दुसऱ्या मशीनवर बनलेला खेळ लिनक्सवर आणताना पहिला संशय ठरलेला असतो: लहान-मोठी रोमन अक्षरं. मॅक आणि विंडोज नेहमीच्या मांडणीत नावातला लहान-मोठा फरक मानत नाहीत, लिनक्स मानतो. कोडमध्ये 'पीएनजी' लहान लिपीत आणि फाइलवर मोठ्या लिपीत असेल, तर लिनक्सच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या फाइली. विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनला म्हणूनच वेळ पडली तर अख्खं फोल्डर वाचून जुळणारं नाव हुडकावं लागतं. २०१८ मध्ये वाइनवर बेतलेलं प्रोटॉन आलं, २०२२ मध्ये स्टीम डेक हे लिनक्सवर चालणारं हातातलं खेळयंत्र आलं, लिनक्सवर खेळणारी माणसं वाढली, पण दुसरीकडून आणलेल्या कोडमध्ये ही खोड आजही सापडते. मी तिथूनच सुरुवात केली. नावांच्या शेवटच्या 'पीएनजी'सारख्या शेपट्या सगळ्या लहान लिपीत होत्या. आणि देवनागरीत लहान-मोठं असं काही नसतंच.

मग न सापडलेल्या शब्दांची यादी काढली आणि एकाखाली एक लावली:

कुऱ्हाड
गुऱ्हाळ
चऱ्हाट
वऱ्हाड
दऱ्या
पायऱ्या
दोऱ्या
बकऱ्या
भाकऱ्या
गोवऱ्या
तुताऱ्या

वाचताना अंगावर काटा आला. प्रत्येकात तोच आडवा अर्धा र. बाकीच्या शब्दांत ळ होता, ज्ञ होता, क्ष होता, 'सूर्य'मधला रफार होता. ते सगळे चालत होते. अडत होता तो फक्त ऱ.

एसट्रेस लावून खेळ पुन्हा चालवला. प्रोग्रॅम कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, काय काय मागतो ते हे साधन ओळीनं दाखवतं, आणि रोमन नसलेली अक्षरं अष्टमान (फक्त ० ते ७ अंकांच्या) आकड्यांत छापतं. नेहमी त्याचा त्रास होतो. त्या दिवशी तेच उपयोगी पडलं. खेळ मागत होता त्या नावात ऱ च्या जागी होतं ३४० २४४ २६१. कर्नलचं उत्तर: अशी फाइल नाही. मग फोल्डरमधल्या फाइलीचं नाव त्याच पद्धतीनं छापलं. तिथे होतं ३४० २४४ २६० आणि त्यापुढे ३४० २४४ २७४.

पहिलं म्हणजे ऱ, प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमधलं यू+०९३१, तीन बाइटचं एकसंध अक्षर. दुसरं म्हणजे साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता (अक्षराखालचं टिंब), सहा बाइट. पडद्यावर दोन्ही अगदी सारखीच दिसतात, कारण अक्षरं जुळवून चितारणारं हार्फबझ दोन्हींचा अर्थ एकच लावतं. लिनक्सच्या कर्नलला मात्र फाइलचं नाव म्हणजे फक्त बाइटांची माळ. तिरपी रेघ आणि शून्य बाइट सोडून नावात काहीही चालतं, ते मराठी आहे की तमिळ याच्याशी त्याला कर्तव्य नाही. (माळेला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, त्यामुळे मराठी नाव ८५ चिन्हांपलीकडे जात नाही. लांब वाक्यांची नावं द्यायची हौस असेल तर हे ध्यानात असू द्यावं.)

चित्रं काढणारी मैत्रीणही मॅकवर. तिथल्या फाइली दाखवणाऱ्या फाइंडरमध्ये नाव टाइप केलं की फोड होऊ शकणारी अक्षरं फोडून साठवली जातात. मराठीत रोज लागणाऱ्या अक्षरांत असं फोड होणारं अक्षर एकच, ऱ. मॅकची फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणारी व्यवस्था, शोधताना फोडलेलं आणि अखंड रूप एकच धरते, म्हणून तिकडे काही बिघडत नव्हतं. चित्रं जड म्हणून आम्ही ती कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेवली नव्हती, झिप करून पाठवत होतो. गिटमधून आली असती तर मॅकवरचं गिट नावं अखंड करून घेतं आणि ही गोष्ट आम्हाला आणखी वर्षभर कळली नसती. शब्दांची यादी साध्या मजकुराच्या फाइलीत टाइप केलेली, त्यात ऱ अखंड होता.

एका मित्रानं दोन उपाय सुचवले. एक, लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलसिस्टममध्ये केसफोल्ड, म्हणजे नावातला लहान-मोठा फरक न मानण्याची सोय, चालू कर. २०१९ च्या ५.२ कर्नलपासून ती सोय आहे आणि ती अशी रूपं एक धरते, हे खरं. पण ती फाइलसिस्टमवर आधी चालू असावी लागते आणि रिकाम्या फोल्डरलाच लावता येते. परक्या शाळेच्या मशीनवर जाऊन मी ते करणार नव्हते. दुसरा उपाय, सगळ्या फाइलींना आकडे दे, अर्ध्या तासाचं काम. हे सगळेच सांगतात: फाइलचं नाव रोमनमध्ये ठेवा, कटकट नको. मला ते पटत नाही. बाईंनी चित्राला '०३४७' नाव द्यायचं आणि तो आकडा कुठल्या शब्दाचा हे वेगळ्या तक्त्यात शोधायचं, तर मराठी शिकवणारा खेळ मराठीत वापरताच आला नाही असं होईल.

म्हणून कोड बदलला. खेळ सुरू होताना फोल्डर एकदा वाचायचं, प्रत्येक नावाचं अखंड रूप करून तक्त्यात नोंदवायचं, त्यासमोर मूळ बाइट जसेच्या तसे ठेवायचे. शोधताना शब्दाचंही अखंड रूप करायचं, उघडताना मात्र मूळ बाइट वापरायचे. कुणाच्याही फाइलचं नाव आपण बदलायचं नाही. युटीएफ८प्रॉक नावाची छोटी लायब्ररी हे करून देते. सहाच्या सुमाराला ११ पैकी १० चित्रं आली.

राहिलं 'दऱ्या'.

हा शब्द आदल्या आठवड्यातच यादीत आला होता. 'दर्या' आधीपासून होता. बाईंनी फोनवरून कळवलं, "दर्या आहे तर दऱ्याही घ्या, जोडी होईल." त्यांच्या संदेशातला शब्द तसाच उचलून यादीत चिकटवला होता. आकडे छापले तर तिथे तिसरंच रूप: साधा र, हलन्त चिन्ह आणि मग ३४२ २०० २१५. हा शून्य रुंदीचा जोडक, डोळ्यांना न दिसणारा. र, हलन्त आणि जोडक असं लिहिलं तरी आडवा अर्धा र उमटतो. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून हा रस्ता खुला ठेवलाय, आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायची काही साधनं आजही त्याच रस्त्यानं जातात. अखंड रूप करायच्या नियमांत हा प्रकार येत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती दोन वेगळी लेखनं आहेत.

लायब्ररीत एक खूण, म्हणजे चालू-बंद करायचा पर्याय, सापडली: न दिसणारी चिन्हं गाळून टाका. ती लावली. न सापडलेल्या फाइली शून्य. मी खुर्चीत मागे टेकले, आवृत्ती बांधायला लावली आणि चहा ठेवायला उठले.

आई प्राथमिक शाळेत शिकवायची, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नवीन खेळ आला की ती माझ्या खुर्चीत बसते आणि सगळे शब्द एकदा खेळून बघते. स्वयंपाकघरात मला तिची हाक आली.

"अगं, इकडे ये. दऱ्यांत गलबत कुठून शिरलं?"

पडद्यावर शब्द होता 'दऱ्या'. बरोबर म्हणून हिरवी चौकट आलेलं चित्र होतं निळ्या पाण्याचं, शिडाच्या गलबताचं. सह्याद्रीच्या दऱ्यांचं चित्र कुठेच नव्हतं. आईनं पुन्हा चित्र दाबलं तसा आवाज आला: दर्या.

"आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंगतीत बसवलंस की," ती म्हणाली. "चौथीच्या पोरांना हाच फरक शिकवता शिकवता माझी वर्षं गेली."

मला धस्स झालं. जोडक गाळला की उरतो र, हलन्त, य. म्हणजे साधा रफार. 'दऱ्या'चा 'दर्या' मीच केला होता. आणि तपासणी शून्य चुका दाखवत होती, कारण तिच्या लेखी फाइल सापडली होती. चित्र आलंच नसतं तर ते कुणाच्याही नजरेस पडलं असतं. हे चुकीचं चित्र सकाळी आठ मशीनवर गेलं असतं, आणि ज्या मुलाला 'दऱ्या' पहिल्यांदा वाचता आला, त्याला खेळानं सांगितलं असतं की तू चुकलास. हे आठवलं की आजही मला अस्वस्थ व्हायला होतं.

तो जोडक कचरा नव्हता. मराठीत तो अर्थ धरून होता. लायब्ररीची चूक नाही, तिच्यासाठी ते न दिसणारं चिन्हच आहे. मी मराठी बोलणारी, मला ते कळायला हवं होतं.

खूण काढून टाकली. त्याजागी एक नियम लिहिला: र, हलन्त आणि जोडक असे लागोपाठ आले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचं, आणि त्यानंतरच अखंड रूप करायचं. इतर ठिकाणचे जोडक जिथे आहेत तिथे राहू द्यायचे. मग तपासणीच बदलली. फाइल सापडली का एवढंच विचारून भागणार नव्हतं. दर्या आणि दऱ्या, आचार्यास आणि आचाऱ्यास, या जोड्या तिन्ही रूपांत लिहून घेतल्या. जोडीतले दोन शब्द वेगळ्याच फाइलींवर गेले पाहिजेत, आणि एका शब्दाची तिन्ही रूपं एकाच फाइलवर. यातलं एकही मोडलं तर आवृत्ती बांधलीच जात नाही. जोड्या आईनं सांगितल्या. तिला आणखी दोन-तीन आठवल्या, त्याही घातल्या.

रात्री पावणेअकराला मुख्य प्रोग्रॅमरला बदल पाठवले. त्यानं ते लावण्याआधी मॅकवर जुन्या आवृत्तीत 'दऱ्या' काढून पाहिला आणि मला लगेच फोन केला: त्याच्याकडेही तो शब्द कोराच येत होता. नवीन शब्द त्यानं चालवून पाहिले नव्हते. आडव्या र चे शब्द लिनक्सवर अडले नसते, तर दऱ्यांचा कोरा चौकोन थेट मुलांपुढे गेला असता.

सकाळी शाळेत पोचलो. आठही मशीनवर खेळ बसला, मुलं रांगेनं आली. दऱ्या आला तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. डोंगर दिसले, दऱ्या दिसल्या, आवाजही दऱ्यांचाच आला.

जेवणाच्या सुट्टीनंतर बाई पेनड्राइव्ह घेऊन आल्या. घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी एक चित्र तयार करून आणलं होतं, नाव 'बासऱ्या'. आवाज मात्र मुलांनीच द्यावा असं त्यांना वाटत होतं. पाचवीतली एक मुलगी माइकसमोर बसली, घसा खाकरून "बासऱ्या" म्हणाली. मग फाइलला नाव द्यायला तिनंच कीबोर्ड ओढून घेतला. शाळेत इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिकवतात; तिनं शिफ्ट धरून र ची कळ दाबली, हलन्त दिलं, य आणि काना. दोन्ही फाइली फोल्डरमध्ये टाकून खेळ पुन्हा चालू केला. चार चित्रांत बासऱ्या आल्या, तिनं त्या दाबल्या, आणि स्वतःचाच आवाज ऐकून ती मागे वळून बाईंकडे पाहत राहिली.

संध्याकाळी घरी येऊन मी त्या दोन नावांचे आकडे छापले. तिच्या फाइलीत होतं ३४० २४४ २६१. बाईंच्या फाइलीत साधा र, हलन्त आणि ३४२ २०० २१५.